टॅग शिल्लक आहे आणि डिसेंबर उजाडला: व्हाइटटेलच्या शेवटच्या मोसमाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहता. उन्हाळ्यात हंटर एज्युकेशनचा कोर्स केलात, नोव्हेंबरातल्या बंदुकीच्या मोसमाचे नऊही दिवस सार्वजनिक जमिनीवर बसलात आणि पळत्या व्हाइटटेल हरणांच्या पांढऱ्या शेपट्यांखेरीज काही दिसलं नाही. आता याच राज्याच्या आयोवा काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) खासगी जमिनीचा एक अँटलरलेस टॅग, म्हणजे बिनशिंग्या हरणाचा परवाना, हातात उरलाय. मोसम संपल्यावर एका शेतकऱ्याने ऐंशी एकरांवर बसायला परवानगी दिली. डोंगराच्या धारेवर सोयाबीनचा एक पट्टा अजून उभा आहे, दक्षिणेच्या उतारावर ओकचं रान आहे. तुमच्याकडे क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेलं धनुष्य आहे. डिसेंबरात जाण्यात अर्थ आहे का, काय घालू, कुठे बसू, हे तुम्ही विचारलंय. शेवटी एक वाक्य आहे: "बायको विचारते, या दिवसांत मादीच्या पोटात पाडस असतं ना?" त्याचंही उत्तर देतो, ते टाळण्यासारखं नाही.

जा. नक्की जा. मी याच डोंगराळ भागात वीस वर्षं हरणांमागे बसतोय आणि माझ्या फ्रीजरमधलं निम्म्याहून अधिक मांस डिसेंबरातलं आहे. फक्त नोव्हेंबरात बसलात तसं बसू नका. नोव्हेंबरात माजावर आलेला नर कुठून कधी निघेल याचा नेम नसतो, म्हणून जास्त तास बसणाऱ्याला जास्त संधी. डिसेंबरात उलट आहे. हरीण कुठे येणार हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं, पण तुम्ही येऊन गेलात हे त्याला एकदा कळलं की ते अंधार पडल्याशिवाय बाहेर पाय टाकत नाही. त्यामुळे इथे कमी वेळा बसणारा जिंकतो. एका शेतावर महिन्यात तीन-चार संध्याकाळी, त्याहून जास्त नाही.

हरणाच्या बाजूने बघा. नराने माजाच्या दिवसांत वजनाचा पाव हिस्सा घालवलेला असतो. मादीने सप्टेंबर-ऑक्टोबरात साठवलेल्या चरबीवर मार्च गाठायचा असतो. अंगावर हिवाळी कोट आलेला असतो, वरचे केस आतून पोकळ आणि खाली लोकरीसारखी दाट लव. भुरभुर बर्फ पडला की तो पाठीवर तसाच बसून राहतो, वितळत नाही, इतकी ऊब आतच कोंडलेली असते. थंडीत त्याचं चयापचय मंदावतं, खाणंही कमी होतं. म्हणजे चालणं हा खर्च आणि उन्हात पडून रवंथ करणं ही बचत. नऊ दिवस बंदुका ऐकलेलं हे जनावर आता दोनच गोष्टी शोधतं. वारा न लागणारी उन्हाची जागा, आणि तिथून कमीत कमी पावलांवर भरपूर कस असलेलं खाणं. या दोन जागा तुमच्या शेतावर शेजारी-शेजारी आहेत, हे तुमचं नशीब.

आपल्या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात, कारण हिमयुगातल्या हिमनद्या इथवर पोचल्याच नाहीत आणि डोंगर घासून सपाट झाले नाहीत. धारा, सोंडा, घळी, खिंडी: सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला नकाशा लगेच कळतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून दक्षिणउतारावर बर्फ आधी विरतो. वायव्येचा बोचरा वारा धारेच्या पाठीवरून निघून जातो. धारेच्या माथ्यापासून तिसरा हिस्सा खाली, जिथे उतार जरा सपाटतो, तिथे हरणं बसतात. वारा पाठीमागून, नजर खाली दरीवर. त्या रानात शिरून बघायचा मोह होईल. एकदाही शिरू नका. दुर्बिणीने लांबून, रस्त्यावरून, गाडीत बसून बघा.

खाण्यात उभ्या सोयाबीनच्या तोडीचं या दिवसांत दुसरं काही नाही. शेंगांत तेल आहे, प्रथिनं आहेत, आणि बर्फाच्या वर लटकलेल्या असल्याने खुरांनी उकरावं लागत नाही. त्याखालोखाल उभा मका. कापलेल्या मक्याच्या रानात सांडलेली कणसं पहिल्या जाड बर्फापर्यंतच उपयोगाची. पांढऱ्या ओकची फळं केव्हाच संपलेली असतात. तांबड्या ओकच्या फळांत तुरटपणा जास्त, म्हणून ती मागे उरतात आणि डिसेंबरात हरणं पाचोळा उकरून ती खातात. सार्वजनिक जमिनीवर बसायची वेळ आली तर तांबड्या ओकच्या धारा आणि नुकतीच लाकूडतोड झालेली जागा शोधा, तिथे जमिनीवर पडलेले शेंडे आणि कोवळे धुमारे असतात. तिथे आणखी एक बघा: नोव्हेंबरात जिथे कुणीच पाय ठेवला नाही अशी चिंचोळी जागा. कधी कधी ती पार्किंगपासून शंभर पावलांवरच असते, कारण सगळे तिच्यावरून पुढे निघून जातात.

भर दुपारी, हरणं बसलेली असताना, एकदाच पट्ट्याच्या कडेने चालत जा आणि वाकून बघा. मी यवतमाळकडचा. आमच्याकडे सोयाबीनची राखण करायला माळ्यावर रात्री काढलेल्या आहेत, त्यामुळे खाल्लेलं पीक कसं दिसतं हे लहानपणीच डोळ्यांत बसलंय. इथेही तसंच दिसतं. ताटावरच्या शेंगा अर्ध्यातून तोडलेल्या, देठाशी टरफलाचा फाटका तुकडा लोंबतोय, खाली बर्फ तुडवून चिखलाच्या रंगाचा झालाय, मधे पिवळे डाग आणि काळ्या, ओलसर चमकणाऱ्या लेंड्या. लेंडी काडीने दाबा. आत मऊ असेल तर कालची-आजची. दगडासारखी गोठलेली असेल तर तिच्यावरून काही ठरवू नका. खुराच्या ठशाची कड बोटाला धारदार लागली तर ताजा. कडेवर बर्फाची पापडी धरली असेल तर रात्र उलटून गेलीय. सगळ्यात महत्त्वाचं, रानातून पट्ट्यावर येणाऱ्या वाटा मोजा. बहुतेक दोन-तीनच असतील आणि त्यातली एक बैलगाडीच्या चाकोरीसारखी खोल गेलेली असेल. तुमची जागा त्या वाटेवरून ठरेल.

आता वारा. संध्याकाळी उतारावर ऊन गेलं की थंड, जड हवा पाण्यासारखी घळीतून खाली ओघळते. तुमचा वासही तिच्यासोबत उतरतो, मग हवामानाचं ॲप काहीही सांगो. तुमचा पट्टा धारेवर आहे, हरणं दक्षिणेकडून वर चढून येणार. तुम्ही दक्षिणेच्या कडेला बसलात तर साडेतीनच्या सुमारास तुमचा वास थेट त्यांच्या नाकात जाईल. म्हणून पट्ट्याच्या उत्तर कडेला बसा, जिथून उत्तरेकडे घळ उतरते आणि जिथे हरणं बसत नाहीत. वारा दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा असेल त्या दिवशी ही जागा. पण थंडीची लाट आली की वारा बहुधा वायव्येचा असतो आणि तो उत्तर कडेवरून वास सरळ रानावर नेतो. त्या दिवसांसाठी पट्ट्याच्या पूर्व टोकाला दुसरी जागा करा, हरणांची वाहती वाट पश्चिमेकडे राहील अशी. दोन्ही जागा आत्ताच तयार ठेवा. वारा चुकीचा असेल तर घरी थांबा.

वारा बघायला बाजारात पावडरच्या बाटल्या मिळतात, पण मी शरद ऋतूत मिल्कवीडच्या सुकलेल्या शेंगा खिशात भरून ठेवतो. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, शेंगेत तशाच म्हाताऱ्या. एक म्हातारी सोडा आणि डोळ्यांनी पाठलाग करा. पावडर हातभर अंतरावर दिसेनाशी होते. म्हातारी चाळीस मीटरवर जाऊन घळीत वळते आणि खाली बुडते, तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा कळतं की हवा कुठून कुठे वाहते.

सकाळी जाऊ नका. पहाटे हरणं पट्ट्यावरच असतात. अंधारात चालत गेलात की तुम्ही त्यांच्या ताटावर पाय दिलात. मॅडिसनला डिसेंबरच्या मध्यावर सूर्य साडेचारच्या आधीच मावळतो, तेव्हा दीडच्या सुमारास जागेवर बसलेले असा. कडाक्याच्या थंडीत हरणं तीन वाजताही उठतात. दिवस कोणता निवडावा? वादळ येणार असेल त्याच्या आदली दुपार, आणि बर्फ पडून गेल्यावर पहिली निवळलेली, वारा पडलेली, खूप थंड संध्याकाळ. तापमान अचानक वर गेलं, बर्फ टपटपायला लागला, तर हरणांना घाई उरत नाही. त्या दिवशी सुट्टी वाया घालवू नका.

जागेवर कसं जायचं याची सगळे काळजी करतात, परत कसं यायचं याची फार थोडे करतात, आणि डिसेंबरात जागा बिघडते ती परत येताना. माझं तिसरं वर्ष असेल. अशाच एका पट्ट्याच्या कडेला मचाणावर बसलो होतो. साडेतीनला पहिली मादी आली, सव्वाचारपर्यंत चौदा हरणं झाली, सगळी साठ-सत्तर मीटरवर, एकही धनुष्याच्या टप्प्यात नाही. कायदेशीर वेळ संपली. मला थंडी वाजत होती. मी हळूच उतरलो असं मला वाटलं. तिसऱ्या पायरीला बुटाखाली बर्फ करकरला आणि एका म्हाताऱ्या मादीने नाकपुड्यांतून असा जोरात फुत्कार टाकला की तो दरीपलीकडून परत ऐकू आला. चौदा पांढऱ्या शेपट्या अंधारात वर गेल्या. पुढचे पाच दिवस तिथे लावलेल्या कॅमेऱ्यावर रात्री अकराच्या आधी एकही हरीण आलं नाही. शिकार हुकली असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. एका उतावळ्या मिनिटात मी अख्खा आठवडा गमावला.

तेव्हापासून मी शेतकऱ्याशी आधी बोलून ठेवतो. अंधार पडला की मी त्यांना मेसेज करतो, ते पिकअप घेऊन पट्ट्याच्या कडेने सावकाश चक्कर मारतात. हरणं गाडीला सरावलेली असतात, शांतपणे रानात सरकतात, आणि त्यांच्या लेखी ते त्या शेतकऱ्याचं रोजचं काम असतं. मग मी उतरतो. या बदल्यात मी उन्हाळ्यात कुंपण दुरुस्तीला दोन शनिवार देतो. तुमचे शेतमालक तयार नसतील तर हरणं स्वतःहून हलेपर्यंत बसून राहा, कितीही वेळ लागो. बाण उतरवून ठेवा आणि बसा.

त्यासाठी अंग गरम हवं. तुम्ही जाकिटाच्या ब्रँडबद्दल विचारलंत. मी आधी घामाबद्दल सांगतो. उणे बारा सेल्सियसला चालत जाताना सगळे थर अंगावर असतील तर पाठ भिजते, आणि भिजलेली पाठ घेऊन तुम्ही तासाभराहून जास्त बसू शकत नाही. चालताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर एक फ्लीस, एवढ्यावर चाला. जाड जाकीट आणि बिब, म्हणजे छातीपर्यंत येणारी जाड विजार, पाठपिशवीला बांधून न्या. झाडापाशी पोचल्यावर दहा मिनिटं नुसते उभे राहा, अंगाची वाफ जाऊ द्या, पायमोजे बदला, मग बाकीचं चढवा. सुती कपडा आतबाहेर कुठेही नको, बनियनसुद्धा नाही. सुती कपड्याने घाम धरला की तो सुकत नाही.

पाय सगळ्यात आधी हार मानतात. बूट एक नंबर मोठे घ्या, आतलं फेल्टचं अस्तर काढून रोज वाळवता येईल असे. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि जितके थर तितकी थंडी वाढते. मचाणाची लोखंडी जाळी तळव्यातून ऊब ओढून घेते, तेव्हा पायाखाली फोमचा किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा टाका, त्याने आवाजही मरतो. हाताला जाड हातमोज्यांऐवजी पातळ मोजे आणि कमरेला बांधायचा मफ, म्हणजे दोन्ही हात आत घालायची उबदार नळी, त्यात ऊब देणाऱ्या दोन पुड्या. या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते आणि ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजताना गरम होते. म्हणून घट्ट बुटात त्या थंड पडतात, मफमध्ये चालतात. एक पुडी कमरेवर, मूत्रपिंडाच्या जागी. खाण्यात चरबी असू द्या. मी शेंगदाण्याची चिक्की नेतो, पण घरीच तुकडे करून कापडी पिशवीत भरतो, कारण प्लॅस्टिकच्या कागदाचा चर्र आवाज शांत थंड हवेत फार दूर जातो.

बंदुकीचा कुठलाही हरणमोसम चालू असेल, डिसेंबरातले फक्त बिनशिंग्या हरणांसाठीचे चार दिवस धरून, तर क्रॉसबो घेऊन बसणाऱ्यालाही कमरेवरचे निम्मे कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घालावे लागतात. हरणाला तो नारिंगी तुमच्या-आमच्यासारखा भडक दिसत नाही. त्याला निळं मात्र छान दिसतं, म्हणून निळी जीन्स नको.

मचाणावर चढणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि जमिनीपासून वरपर्यंत बांधलेली जीवरेषा, दोन्ही. बहुतेक माणसं बसलेली असताना नाही, चढता-उतरताना पडतात, आणि या दिवसांत पायरीवर न दिसणारा बर्फ असतो, बोटं बधिर असतात. माझा तुम्हाला मनापासून आग्रह आहे, पहिल्या डिसेंबरात वर चढूच नका. उत्तर कडेला जमिनीवर लपण, म्हणजे आत लपून बसायचा छोटा तंबू लावा, आठवडाभर आधी, म्हणजे हरणं सरावतात. लपणात गॅसचा हीटर लावणार असाल तर वरची खिडकी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

क्रॉसबोबद्दल. ती घरात आणू नका. थंडीतून उबेत आणली की दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं, आणि पुन्हा बाहेर नेली की त्याचा बर्फ होतो. मोसमभर गॅरेजमध्ये, पिशवीत, कुलुपात ठेवा. रेंजफाइंडरची, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राची बॅटरी मात्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. बाण ज्यावरून सरकतो त्या रुळावरचं वंगण अगदी पातळ हवं, थंडीत ते घट्ट होतं. दोरीला मेण भरपूर. धनुष्य जमिनीवरच चढवा, बधिर हाताने वर बसून नाही. गाडीत ठेवताना चढवलेलं नको. धनुष्य उतरवायला एक वेगळा जाड बाण ठेवा आणि तो परतल्यावर लक्ष्याच्या गोणीत सोडा.

सगळा हिवाळी पोशाख घालून, हातमोज्यांसकट, अंगणात वीस बाण मारा. तुम्हाला तीन गोष्टी कळतील. जाड जाकिटामुळे दस्ता खांद्याला लांब पडतो. हातमोज्यातलं बोट चापाला लागलंय की नाही ते जाणवत नाही. आणि पुढच्या हाताचा अंगठा रुळाच्या वर सरकतो, तेही जाणवत नाही. दोरी सुटताना तो अंगठा वर असेल तर उरत नाही. तो खाली ठेवायची सवय अंगात भिनेपर्यंत सराव करा.

सुरक्षेचा खटका किती मोठ्याने वाजतो ते हरीण दिसायच्या आधीच ऐकून ठेवा. थंड हवेत तो टिचकी मारल्यासारखा वाजतो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून, दाबून सरकवायचा.

अंतराबद्दल मी कडक आहे. तीस यार्ड, त्यापुढे नाही. बाण सेकंदाला सव्वाशे मीटरच्या आतबाहेर जातो, आवाज सव्वातीनशे मीटर. तीस यार्डांवर आवाज बाणाच्या साधारण सातवा हिस्सा सेकंद आधी पोचतो, पन्नास यार्डांवर जवळपास पाव सेकंद. बिचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं, आणि पाव सेकंदात ते इतकं दबतं की फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत लागतो. बाण मोकळा सोडण्याआधी ते डोकं खाली घालून खातंय ना, एवढं बघा.

आता कुठलं हरीण. डिसेंबरच्या अखेरीपासून काही नर शिंगं टाकायला लागतात, तेव्हा बिनशिंगं दिसलं म्हणजे मादी, असं नाही. त्याहून जास्त चूक होते ती याच वर्षीच्या नर पाडसाची. एकटंच, बिनधास्त, सगळ्यांच्या आधी उघड्यावर आलेलं लहान हरीण बहुतेक वेळा तेच असतं. त्याच्या कानांमधला माथा सपाट असतो, मादीचा गोलसर. पाडसाचं तोंड आखूड, अंग चौकोनी. मोठ्या मादीचं तोंड लांब, मान लांब, अंग आडवं लांबट. दोन-तीन हरणं शेजारी उभी राहेपर्यंत थांबा, मग फरक आपोआप दिसतो. शिंगं एकमेकांवर घासणं, मादीच्या वासाच्या बाटल्या, हे सगळं घरी ठेवा. नोव्हेंबरात फळ न राहिलेल्या माद्या साधारण अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा माजावर येतात हे खरं, पण त्या भरवशावर जागा ठरवू नका. पोट जास्त भरवशाचं.

तुमच्या पत्नीचा प्रश्न. हो, असतं. आपल्याकडे माजाचा भर नोव्हेंबरच्या मध्यावर, गर्भ साधारण दोनशे दिवसांचा, पाडसं मे-जूनमध्ये. डिसेंबरच्या मध्यावर मारलेल्या बहुतेक मोठ्या माद्यांच्या पोटात बोटाच्या पेराएवढा गर्भ असतो आणि पोट साफ करताना तो तुम्हाला दिसू शकतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिलो होतो. तरीही मी माद्या मारतो. ऑक्टोबरात मारली काय, डिसेंबरात मारली काय, पुढच्या वसंतात ती आणि तिची पाडसं नसतात हे सारखंच. या दक्षिण भागात लांडगे नाहीत, हरणं जंगलाला पेलवतील त्याहून जास्त झालीत, ओकची रोपं गुडघ्याच्या वर जात नाहीत. संख्या राखायची तर ती मादीवरच राखता येते. वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड १९४० च्या दशकात याच राज्याच्या संवर्धन आयोगावर होते. माद्यांचीही शिकार व्हायला हवी हे मांडताना त्यांना लोकांचा प्रचंड राग सोसावा लागला होता. त्या वर्षीची पाडसं डिसेंबरात दूध पीत नाहीत, आईशिवाय तगतात. इतकं सगळं कळूनही मन घेत नसेल, तर पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मादीचा टॅग वापरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या भारतात, शिकार म्हणजे गुन्हा हेच शिकत वाढलेल्या आपल्या घरांत हा प्रश्न उठणारच. तो उठतो हे मला बरं वाटतं.

व्हिसाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असणं हा त्यातला अपवाद. परवान्याची मुदत संपू देऊ नका, बंदूक विकत घेण्याआधी वकिलाशी बोला. क्रॉसबो या कायद्यात बंदूक धरत नाहीत.

बाण लागल्यावर घड्याळ बघा. हरीण कुठे दिसेनासं झालं ते झाड लक्षात ठेवा, आणि अर्धा तास हलू नका. बर्फावरचं रक्त वाचायला सोपं असतं. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस, हरीण शंभर-दीडशे पावलांत पडलेलं सापडेल. काळपट लाल म्हणजे यकृत, चार तास थांबा. हिरवट-तपकिरी, आंबूस वासाचं म्हणजे पोट, तेव्हा पाय न वाजवता मागे फिरा आणि आठ ते बारा तासांनी या. थंडीमुळे मांस टिकेल. घाई केली तर ते उठून पुढच्या डोंगरावर जाईल आणि कायोटींच्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांच्या तोंडी पडेल. माग लांबतोय असं वाटलं तर माग काढणारी कुत्री असलेली माणसं इथे आहेत, बोलवायला लाजू नका.

पोट साफ करताना हातमोजे काढावेसे वाटतील, कारण आतली ऊब इतकी असते की बधिर बोटांत पुन्हा जीव येतो. रबरी मोजे मात्र ठेवा. शेपटीखाली गोल चिरा, मूत्राशयाला सुरी लागू देऊ नका, मग छातीच्या हाडापासून खाली, सुरीची धार वर ठेवून. मारलेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन करायची.

रात्री तापमान फार खाली जाणार असेल तर हरीण उघड्यावर टांगू नका. ताठरपणा उतरायच्या आत मांस गोठलं तर ते चिवट होतं. गॅरेजमध्ये, गोठणबिंदूच्या जरा वर, दोन-तीन दिवस टांगून ठेवा. कापताना चरबी सगळी काढून टाका, ती मेणासारखी टाळूला चिकटते.

आणि तपासणी करायचीच. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग, विस्कॉन्सिनात २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, आणि आयोवा, डेन, सॉक, रिचलंड या काउंटी राज्यात सर्वांत जास्त बाधित आहेत. म्हणूनच आपल्या भागात मका किंवा मिठाचे दगड टाकून हरणं बोलावायला बंदी आहे. एका जागी तोंडं लागली की रोग पसरतो. तो प्रायॉनमुळे, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, शिजवून नष्ट होत नाही, आणि बाधित हरीण बाहेरून धडधाकट दिसू शकतं. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे आणि मी तो पाळतो. मानेचा थोडा भाग ठेवून डोकं राज्याच्या नमुना पेटीत टाका, पैसे लागत नाहीत, निकालाला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर मांस फ्रीजरमध्ये ठेवा, प्रत्येक पुडीवर तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहा. शेजाऱ्याच्या हरणाबरोबर तुमचं मांस दळायला देऊ नका, नाहीतर एकाचा निकाल वाईट आला तर दोघांचं टाकावं लागेल.